भावजींच्या सर्वरवरची रेवा

रविवार, १ डिसेंबर

आज पुन्हा नाही म्हणाले भावजी!

कुकटपल्लीला भावजींकडे जेवायला गेलो होतो. सगळ्यांसमोरच विचारलं — रेवाचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर द्या ना. घास चावत हसले. "सर्वर म्हणजे कपाट नव्हे त्रिवेणी, उघडलं आणि साडी काढली. विंडोज नव्हे, लिनक्स आहे ते. तुम्हा हैदराबादी हौ-नक्को बोलणाऱ्यांचं काम नाही." सासूबाईही हसल्या. माझ्या बाबांचं सुलतान बाजारात साडीचं दुकान, ते आमच्या लग्नापासून भावजींना खुपतं. माझा नवरा तेजस ताटात बघत बसला. सख्खा मोठा भाऊ ना त्याचा!

रेवा जाऊन दोन वर्षं होत आली. सहा वर्षांची माझी पोर, डेंग्यूनं नेली. भिंतीवर फोटो आहे — पण तो बोलत नाही. तिचा आवाज फक्त भावजींकडे. "घरचे फोटो परक्या कंपनीकडे कशाला? माझ्या सर्वरवर ठेवा," असं तेच म्हणाले होते. सर्वर कसला, हॉलच्या कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर! आम्ही सगळं तिकडे चढवलं आणि फोन रिकामे केले. शहाणे ना आम्ही!

गुरुवार, ५ डिसेंबर

भावजींना फोन केला. "अपग्रेड चालू आहे." म्हणाले आणि ठेवला.

रविवार, ८ डिसेंबर

स्वयंपाकघरात भावजी एकटे सापडले. मी पाया पडले. अक्षरशः फरशीला डोकं टेकलं. ऊठ म्हणाले नाहीत. वरून आवाज आला — "रडायलाच हवेत ना तुला? तेजसला जरा जगू दे. दुसरं मूल होऊ द्या, मग देतो."

दुसरं मूल होऊ द्या, मग देतो!

परतताना तेजस म्हणतो, "दादा तुझ्या भल्याचंच बघतो गं." दिलसुखनगरला आमच्या घरात शिरल्यावर मी म्हटलं — आग लागो त्या भल्याला.

शनिवार, १४ डिसेंबर

तेजसचा जुना लॅपटॉप माळ्यावरून काढला. लिनक्स टाकलं त्यावर. मीच टाकलं! यूट्यूबवर एक तेलुगू मास्तर शिकवतो, निम्मं कळतं, निम्मं बघून बघून. आता त्यावर फोल्डर उघडता येतो, फाइल उतरवता येते.

शुक्रवार, २० डिसेंबर

पेनड्राइव्हवरूनसुद्धा कॉम्प्युटर सुरू होतो. मग आतल्या डिस्कला कुलूप नसेल तर मालकाचा पासवर्ड लागतच नाही. लॅपटॉपवर करून बघितलं. जमलं!!

गुरुवार, २ जानेवारी

लिहायचं की नाही कळत नाही. लिहिते.

भावजी ऑफिसला, सासूबाई नांदेडला. मी मुद्दाम तेव्हाच कुकटपल्लीला गेले. मोठ्या जाऊबाई, मेधाताई, कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या. मी सर्वर टीव्हीला जोडला, पेनड्राइव्ह लावला. उघडला! सगळ्यांच्या नावाचे फोल्डर होते. आमचाही. पण सगळ्यांत गेल्या मार्चपासूनचेच फोटो. त्याआधीचं काही नाही. दुसऱ्यांदा शोधलं, तिसऱ्यांदा शोधलं. रेवा कुठेच नाही.

मेधाताई बादली घेऊन आल्या. टीव्हीकडे बघितलं आणि जमिनीवरच बसल्या.

"नाहीत गं ते. मार्चमध्ये नवीन सिस्टीम टाकताना ह्यांनी भलतीच डिस्क पुसली. मग किती धडपडले, काही परत आलं नाही. तोंडात टॉवेल कोंबून रडत होते बाथरूममध्ये."

"मग मला सांगितलं का नाही?"

"चुकलो म्हणायला जीभ वळत नाही त्यांची. तू दुष्ट म्हटलेलं चालेल त्यांना, पण ह्याला येत नाही म्हणालीस तर—" माझा हात धरला. "तुला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. जीव देतील."

पेनड्राइव्ह काढून पर्समध्ये टाकला. त्यांनी चहा केला. मी प्यायले. कपबशी धुऊन पालथी घातली. कशी प्यायले!

शुक्रवार, ३ जानेवारी

रडू येत नाही. तेजसला सांगितलेलं नाही.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

कुकटपल्लीला घर भरलं होतं, भावजींच्या ऑफिसचे लोकही आलेले. भावजींच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला आणि गोड बोलले — "भावजी, रेवाचे व्हिडिओ सुखरूप आहेत ना? तुमच्याइतकं कुणी जपलं नसतं हो!" ऑफिसचे लोक कौतुकानं त्यांच्याकडे बघायला लागले. मेधाताई पांढऱ्याफटक. लाडू भावजींच्या हातातच राहिला. कसंबसं म्हणाले, "आहेत... आहेत."

बरं वाटलं. फार बरं वाटलं! आता दर सणाला विचारणार.