मामांच्या गाडीतला जळका वास

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (परवा रस्त्याच्या कडेला एकदा घालून झाला आहे, त्याचं कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा कसा आहे? खोकला? रात्री झोप नीट लागते ना? हे शेवटचं मी उगाच विचारत नाही, पत्र संपेपर्यंत ते तुमच्या ध्यानात येईलच. इकडे सगळे धडधाकट आहेत. माझ्या हातात मात्र अजून पाण्याचा पेला थरथरतो.

तुमची गाडी मी कशासाठी नेली ते तुम्हाला ठाऊकच आहे. आम्ही दोघांनी लग्नाचं आपसात केव्हाच ठरवलंय, फक्त तिच्या वडिलांचा होकार यायचा होता. हे गृहस्थ अग्निशमन दलातले निवृत्त अधिकारी. माणूस कसा आहे हे त्याच्या गाडीत बसल्याशिवाय कळत नाही, असा त्यांचा सिद्धान्त, म्हणून एक फेरी मारायची ठरली. ते माझ्या शेजारी, मांडीवर जाडजूड पिशवी घेऊन. मागे आई आणि ती. (पिशवीत खाऊ असणार अशी आईची समजूत. माझीही.) किल्ली देताना तुम्ही मला अंगणात उभं करून हॉर्न कुठल्या कोपऱ्यात दाबायचा, वायपर अडला तर कसा थोपटायचा, मागचं दार कुठल्या कोनातून ओढायचं, सगळं सांगितलंत. एवढं सगळं सांगितलंत हो मामा, आणि नेमकं जे सांगायचं ते राहिलं!

बाजार मागे पडला आणि जळका वास आला. कुणीतरी कचरा पेटवला असेल म्हणून मी काचा वर केल्या, तर वास आतच दाटला. म्हणजे वास आमचाच. हँडब्रेक ओढलेला राहिला की काय म्हणून चाचपला, तर तो खाली. क्लचवर पाय टेकून राहत असेल म्हणून डावा पाय पार दाराशी नेऊन ठेवला. हीटर बंद केला. तापमानाचा काटा पाहिला, तो आपला निवांत. मी हे सगळं चेहरा हसरा ठेवून करत होतो, कारण शेजारून परीक्षा चालू होती.

"वायर जळतेय," परीक्षकांनी नाक वर करून निकाल दिला. "उभा जन्म हाच वास घेतलाय."

"बाबा, कापड जळतंय," मागून ती म्हणाली. "इस्त्री विसरल्यावर येतो ना, तसा वास आहे."

त्यांनी पुन्हा "वायर" म्हटलं आणि तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून धूर निघाला.

मग जे हुकूम सुटले! गाडी कडेला, इंजिन बंद, सगळे बाहेर! मी बाहेर आलो खरा, पण सीटबेल्ट पायात अडकून सपशेल आडवा झालो. उठून बॉनेट उघडायला धावतो तर ते ओरडले, "पूर्ण उघडू नका, हवा लागली की भडकेल!" आणि मामा, त्यांनी पिशवीतून आग विझवायचा लाल सिलिंडर काढला! (सोयरीक जुळवायला हे सामान घेऊन येणारा माणूस पाहून मला आधी त्याचाच धक्का बसला.) बॉनेट बोटभर उचलून त्यांनी आत पांढरी भुकटी मारली. धूर बसल्यावर झाकण उघडलं.

आत गोधडी होती.

तीच, जिच्या मधोमध आजोबांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्याची बाही आहे. आईने डोळे फोडून तुमच्यासाठी शिवलेली, आणि जिच्याशिवाय डोळा लागत नाही असं तुम्ही तिला दर फोनवर सांगता, ती. एका कोपऱ्याचा कोळसा, बाकीची भुकटीने माखलेली. इंजिनाला थंडी वाजते म्हणून त्याला पांघरूण घालणारा माणूस आपल्या घराण्यात एकच आहे.

"ही माझी गोधडी," आई म्हणाली आणि त्यानंतर अक्षर बोलली नाही. तिचा तो चेहरा मला बघवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच ठेवली. मामांच्या पलंगावरून उचलून." परीक्षकांनी विचारलं, "का?" मी म्हटलं, "सकाळी गारठा होता." त्यांनी आधी माझ्याकडे, मग आपल्या मुलीकडे पाहिलं आणि "विचार करून कळवतो" म्हणाले. विचार काय असणार, ते मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं.

गाडीची काळजी नको. वर्कशॉपमध्ये सायलेन्सरच्या पाइपाला चिकटलेला कापूस खरवडून काढला, एक रबरी नळी मऊ पडली होती ती बदलली, आणि इंजिन बराच वेळ चालवून पाहिलं. आता वास येत नाही. वास माझ्याच नाकात राहिला आहे.

तुमचा हादरलेला भाचा

ता. क. खरं काम आता सांगतो. येत्या रविवारी तिचे वडील गाडीचा मालक बघायला तुमच्याकडे येताहेत. गोधडी तुम्हीच ठेवली होती हे त्यांना स्पष्ट सांगा, नाहीतर माझं लग्न बोंबललं.

आणखी एक. आईसुद्धा येतेय. तिला हे अजिबात कळता कामा नये. दोघं एकाच सोफ्यावर बसतील. कसं जमवायचं ते तुम्ही बघा.

मी तुझी ताई. पाकीट डकवायला लेकाने माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. दर वर्षी गोधडी धुवायला माझ्याकडे आणून टाकतोस. माणसाच्या अंगाला ऑइलचा वास येत नाही, एवढं मला कळतं रे. रस्त्यावर गप्प राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर हसू फुटलं असतं. मुलीच्या वडिलांना त्याच संध्याकाळी फोन करून खरं काय ते सांगितलं. मामाला सांभाळून घेणारा जावई त्यांना पसंत आहे. याला अजून सांगितलेलं नाही. थरथरू दे रविवारपर्यंत, आईशी खोटं बोललाय.

नवी गोधडी शिवायला घेते आहे. थंडी तुला वाजते की गाडीला, ते कळव, म्हणजे त्या मापाची शिवते.