निर्माल्यातली तीन रोपं

राणीसावरगाव
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शिवकन्या,

परवाच्या बैठकीत तलावातल्या जलपर्णीचा दोष गावाने तुझ्यावर ठेवला आणि मी गप्प बसले. म्हणून हे पत्र. थोरल्या जावेचे आशीर्वाद आहेतच. सासूबाईंचा खोकला कमी आहे.

मासे धरणारा बालाजी म्हणाला, "धाकट्या वहिनींच्या टबातलंच झाड हाय. जाळं टाकायला पाणी दिसंना." त्याच संध्याकाळी तू पाथरीला माहेरी निघून गेलीस.

तीन वर्षांपूर्वी, तुझ्या पहिल्याच महालक्ष्म्यांना, तू तो जांभळ्या फुलांचा टब लक्ष्म्यांपुढे मांडलास. शेजारची चतुराबाई माझ्यासमोर म्हणाली, "थोरलीच्या वीस वर्षांत असली आरास न्हाई झाली बघा." सासूबाई हसल्या. मला म्हणाल्या, "कुसुम, शिकून घे की जरा."

वीस वर्षं पुरण मी वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी निर्माल्य तलावात सोडायला मी गेले. टोपलीच्या तळाशी तुझ्या टबातली तीन रोपं होती. मी घातलेली. निर्माल्य कोणी उचकून बघत नाही.

अजाणता झालं, असं लिहिता आलं असतं. पण बी.एस्सी.ला माझा विषय वनस्पतिशास्त्र होता. जलपर्णी परमुलखातली. तिकडे तिला कुरतडणारे भुंगे आहेत, इकडे तिला खाणारं कोणी नाही. वर शेतातलं खत वाहून तलावात उतरतं. मग एका रोपाच्या फुटव्यांनी पाणी झाकायला किती दिवस लागतात? हे मी परीक्षेत लिहिलं होतं. ते फूल गावाला नकोसं व्हावं, एवढंच मला हवं होतं. नाव तुझं येईल, हेही दिसत होतं.

तुलाही मी तशीच समजत होते. बाहेरून आली, अडवणारं कोणी नाही, घरभर पसरली. पण तुला मागणी घालून आम्हीच आणलं. आणि ते रोप काही चालत तलावात गेलं नव्हतं.

आज सकाळी सगळ्यांना पुन्हा बोलावून माझी लेखी कबुली वाचून दाखवली. बालाजी एवढंच म्हणाला, "बाई, तुमी तर शिकलेल्या." उद्यापासून त्याच्या तराफ्यावर जलपर्णी उपसायला मी जाणार आहे.

तू परत ये. पुढच्या भाद्रपदात लक्ष्म्या तू बसव. मला ते सुखाचं जाणार नाही. तरी बसव.

तुझी जाऊ,
कुसुम

तुला न्यायला येताहेत त्या भागवतभावजींच्या हाती दिलं: माझ्या कबुलीची सही केलेली प्रत, एक. महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे, दोन. मिळाल्याचं कळव.