ताटाची वेळ

५ जून

ती. मामास भिंगरीचा वाकून नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. मी सध्या एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात आहे. हसू नको. चार महिन्यांतलं हे तिसरं काम, पण चादरींच्या घड्या घालायला मला आवडतं. चारी कोपरे जुळले की तुझ्या घड्याळाचं झाकण बसल्यासारखं वाटतं. इथला इस्त्रीवाला शिट्टी अशी वाजवतो की... जाऊ दे, विषय तुझा.

मूत्रपिंडाच्या दुखण्यात रक्तातलं फॉस्फरसचं प्रमाण पुन्हा वाढलं, अंगाला खाज सुटते, चिमटा हातात ठरत नाही, आणि नव्या डबीपासून तू आपल्याच मनाने एकाच्या दोन गोळ्या घेणार, हे वाचलं. डायलिसिस वॉर्डातल्या सिस्टर चादरी न्यायला आल्या, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. मामा घड्याळजी आहे, आठ, एक, आठ, गोळीचं मिनिट चुकत नाही, अशी फुशारकीही मारली. त्यांनी एकच विचारलं, की त्या वेळी मामा जेवत असतात का. दुपारी तर तू पावणेतीनला जेवतोस!

त्या म्हणाल्या, ही गोळी अन्नातलं फॉस्फरस पोटातच पकडते, रक्तात जाऊ देत नाही. अन्नच नसेल तर पकडणार काय? रिकाम्या तव्यावर उलथनं फिरवल्यासारखं ते. डोस मात्र मनाने वाढवायचा नाही, आधी डॉक्टरांना जेवणाच्या खऱ्या वेळा सांगायच्या. मामा, तेवढं कर. राग आला तर पत्रातून कान पिळ.

तुझाच,
भिंगरी

१६ जुलै

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

रक्ताचा रिपोर्ट हातात आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं, म्हणून उशीर. प्रमाण उतरलंय. गोळी तीच, डोसही तोच. चिठ्ठीवर ‘जेवताना’ असंच लिहिलेलं होतं, मीच शहाण्यासारखे डबीवर आकडे टाकले. डॉक्टर म्हणाले, यापुढे घड्याळ नाही, ताट बघायचं. जेवण चुकलं तर गोळीही नाही, आणि मागची राहिली म्हणून पुढे दोन नाहीत. बाकीची औषधं किती अंतराने घ्यायची तेही लिहून दिलं. जन्मभर लोकांची घड्याळं लावली नि स्वतःचं पोट तेवढं लावायचं राहिलं!

खाज बरीच कमी आहे. काल एका मनगटी घड्याळाची केसाएवढी कमान एका दमात बसवली. चिमटा हलला नाही. दुकानात कोणी नव्हतं म्हणून सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. हात गेला असता तर मी काय केलं असतं रे? उपकार मानले तर तू शेफारशील, पण मानतो.

पावणेतीनला का जेवता, असंही डॉक्टरांनी विचारलं. सवय, म्हणालो. शाळा सुटली की तू गावभर हिंडून पावणेतीनला उगवायचास. सहा वर्षांच्या पोराला मागे ठेवून घास उतरायचा नाही. तू गेलास, वेळ तेवढी राहिली.

सिस्टरना माझा नमस्कार सांग. त्या धुलाईखान्यात पावसाळाभर तरी टिक.

तुझा,
मामा

२४ जुलै

ती. मामास, सा. न.

तुझं पत्र सिस्टरना वाचून दाखवलं. शेवटचा भाग सोडून. तो मी चादरींच्या थप्पीमागे बसून तीनदा वाचला. मला आपलं वाटायचं, तुला भूकच उशिरा लागते. आणि मी वाटेत काय बघत बसायचो, माहीत आहे? सुताराचा रंधा! लाकडाचे छिलके कसे गोल गोल निघतात ते. तू इकडे उपाशी, आणि आल्याआल्या मी तुझ्याच ताटातलं पळवायचो. एकदाही बोलला नाहीस.

रविवारी येतोय. गाडी एकच्या आत पोचते, पण स्टेशनाबाहेर नवा पूल बांधतायत म्हणे, तो जरा बघेन म्हणतो. तेव्हा तू एकला जेवायला बस, गोळी घासाबरोबर घे. माझं ताट झाकून ठेव, वाट मात्र पाहू नको. आजवर पाहिलीस, ती मला जन्मभर पुरेल.

लोभ आहेच, तो वेळच्या वेळी जेवून असू दे.

तुझाच,
भिंगरी