अशुद्ध ठरवलेल्या ग्रीकबद्दल

मी, खाली सही करणार, वय वर्षे ब्याऐंशी, ग्रीक-मराठी शब्दकोशाचा निवृत्त संपादक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. लाजेचे दडपण कायदा धरत नाही, असे वकिलांनी सांगितले.

राहते घर मुलाला आणि सूनबाईला समसमान.

भिंग आणि पुस्तकांचे कपाट माझ्या जुन्या सहसंपादकाला. प्रत्येक मुद्रितावर शेरे टाचायचा, म्हणून त्याचे नाव टाचणी. ग्रीक शब्दांना प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन अशा तीन वेगळ्या खुणा द्याव्यात, असा त्याचा हट्ट होता. मी प्राचीन तेवढे ‘ग्रीक’ म्हणून छापले आणि त्यानंतरच्या सगळ्यावर ‘अशुद्ध’ अशी खूण मारली. त्यावरून आमचे बोलणे बंद झाले. आज साक्षीला बोलावले तर मुकाट आला. त्याचे बरोबर होते, पण सांगण्याचा सूर मला अजूनही आवडत नाही.

कोशाच्या पुढच्या आवृत्तीचे सर्व अधिकार सूनबाईला. ती दातांची डॉक्टर आणि जन्माने ग्रीक. ती घरात आली तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर मी तिचे ग्रीक उच्चार सुधारत असे. माझी कवळी तिनेच बसवलेली, आणि त्याच कवळीतून मी तिला तिची मातृभाषा शिकवत होतो. ती हसून घ्यायची. मला वाटे, पटतंय.

गेल्या महिन्यात तिच्या आईचा फोन आला. नात फोन कानाला लावून नुसती उभी. पलीकडची आजी काय म्हणते, हे तिला कळेना. मी सूनबाईला विचारले, “अगं, पोरीला तुझी भाषा शिकवली का नाहीस?”

ती म्हणाली, “बाबा, घरात अशुद्ध नको म्हणून.”

टोमणा नव्हता. तिने खरोखरच माझा मान राखला होता. तेव्हापासून तिच्यासमोर माझी मान वर होत नाही. तोंडावर माफी मागायची हिंमत नाही, म्हणून या कागदाचा आडोसा घेतला आहे. तिने माझी ती खूण कोशातून काढून टाकावी आणि नातीशी या घरात आपल्या भाषेत बोलावे. पोरीचे चुकले, तर चुकू द्यावे.

हे मी वाचून, समजून त्यावर सही केली.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ जून

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे औषध दुकानदार (सही)

साक्षीदार दुसरे: टाचणी (सही, शेऱ्यासह)
शेरा: सूनबाई आत्ता पलीकडच्या खोलीत आहेत. मरायची वाट कशाला बघतोस? ऊठ.

शेरा मान्य.
मृत्युपत्र करणार (सही)