गाय पुन्हा हंबरते आहे

तीर्थरूप बाबांना धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे. जेवण वेळेवर मिळतं. दादा गेल्याची तार पोचली असेल. तारेत कसा गेला ते लिहीत नाहीत, म्हणून मी लिहितो. वहिनीला तुम्हीच हळूहळू सांगा.

आमच्या खंदकासमोर एक गोठा आहे. मालक पळून गेला आणि गाय बांधलेलीच राहिली. दोन दिवस दूध न काढल्यामुळे ती सारखी हंबरत होती. दादाला जेवण जाईना. म्हणाला, "कास दगडासारखी झाली असेल रे तिची."

मी म्हणालो, "आपली आहे का ती? गप बस."

"गाईला काय कळतंय, आपली की परकी!" असं म्हणून सकाळी तो डबा घेऊन निघाला. मी मागून ओरडलो, "नुसतं दावं सोड आणि ये!" तो म्हणाला, "सुटली तर गोळ्यांत सापडेल." जाताना कुणी गोळी झाडली नाही. येताना झाडली. डबा भरलेला होता.

एक दिवस ती गप्प होती. आज पुन्हा हंबरते आहे. बाबा, दूध काढायला तुम्ही आम्हा दोघांनाही शिकवलंत. मी तिकडे पाठ करून बसलोय. हवालदारांना सांगून ठेवलंय, मी उठलो तर मला धरा. ते हसले नाहीत.

आपल्या गाईचं दूध आता कोण काढतं? तिची वेळ चुकवू नका.

तुमचा,
धाकटा