डावी पुढची कॉलर

३ मे, शनि.
डॉक्टरने फोनवर बाबांना बाहेर जायची परवानगी दिली. खुब्याच्या ऑपरेशननंतर पाच महिन्यांनी. अट एकच, गुडघ्यापेक्षा खालच्या सीटवर बसायचं नाही. बाबा लगेच, "आगाशीला अक्काकडे जाऊ. बहीण आहे तोवर भेटून घेतो."
आणि माझी गाडी जमिनीला टेकलेली. टॅक्सी बोलावू म्हटलं. "मुलाची गाडी दारात, आणि मी भाड्याने जाऊ? अक्काला काय सांगू?" झालं, विषय संपला.

४ मे, रवि.
दोन वर्षांपूर्वी हौसेने ॲडजस्टेबल सस्पेन्शन बसवलं. चाकामागच्या स्प्रिंगखाली आट्यांवरची कॉलर, ती फिरवली की गाडी वर-खाली. मी पार खाली नेली. तेव्हा बाबा म्हणाले होते, "ही गाडी आहे की चप्पल?" तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, बोलणारच.
मग सोसायटीबाहेरचा रस्ता काँक्रिटचा झाला, वीतभर उंच. गेटवर पोट घासतं, म्हणून गाडी चार महिने कंपाउंडातच. मीही तिथेच.
आज तीन कॉलरी फिरल्या. डावी पुढची जाम. इथली खारी हवा, आणि मी कधी ग्रीसचं बोट लावलं नाही. हौस मोठी, निगा शून्य. हाताची सालं निघाली. तिन्ही परत खाली घेतल्या, तिरकी गाडी बघवेना.

८ मे, गुरु.
बाबा पेल्यावर चमचा वाजवतात. पाणी. पंखा. चष्मा. बेडरूम त्यांची, मी नि बायको, वृषाली, हॉलमध्ये. दिवसभर डायनिंग टेबलावर ऑफिस, मीटिंगमध्ये टण् टण्. वृषाली कुरकुरत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो.
सातला लॅपटॉप मिटून अर्धा तास खाली गाडीत बसतो. काचा वर, इंजिन बंद. माझ्या मालकीची तेवढीच खोली. कोणाला सांगितलेलं नाही.

११ मे, रवि.
गाडी बाहेर निघत नाही म्हणून गास गावाहून मेकॅनिक फ्रान्सिस स्वतः आला, चर्चमधली मिस्सा आटपून, इस्त्रीच्या शर्टात. तेल मारलं, थांबला, हातोडीने ठोकलं. तासाभरात कॉलर सुटली.
"घेऊ वर? चार बोटं सहज जाईल. मग गॅरेजला आण, अलाइनमेंट करू."
मी म्हटलं, आज राहू दे.
का म्हटलं? एकदा गाडी वर गेली की ती बाबांची. अक्का, मग दवाखाना, मग कोणाचं तरी लग्न. वर येऊन सांगितलं, "जामच आहे." बाबा म्हणाले, "असू दे. प्रयत्न केलास."
लाज वाटते. पण रात्री झोप छान लागली, हे जास्त वाईट.

१४ मे, बुध.
अक्काचा फोन. बाबा तिला सांगत होते, "पोरगं हात सोलून घेतंय गं माझ्यासाठी." मी किचनमध्ये जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिलो.

१५ मे, गुरु.
जेवताना बाबा भात कालवत, सहज, "फ्रान्सिसला फोन केला होता. म्हणाला, रविवारीच सुटली."
डेपोतली सवय. गाडीचं विचारायचं ते थेट मेकॅनिकला. मला कसं सुचलं नाही?
वृषालीने माझ्याकडे बघितलं. बाबा म्हणाले, "संध्याकाळी गाडीत बसतोस ना, गॅलरीतून दिसतोस. बसत जा. पण दिवा नको लावूस, बॅटरी उतरते."
ओरडले असते तर बरं झालं असतं.

१७ मे, शनि.
पहाटे उठून चारही वर घेतल्या. सीटवर उशी. बाबा कुठेही न अडकता बसले. गेट न घासता पार. फ्रान्सिसच्या गॅरेजच्या वाटेत गाडी डावीकडे ओढत होती. बाबा म्हणाले, "उंची बदललीस, चाकं फाकली."
फ्रान्सिस अलाइनमेंट करताना सीटवर घरच्या भाताची पोती ठेवतो, माणसाच्या वजनाची. बाबा उतरेनात. "माणूस असताना पोती कशाला?" मग मी ड्रायव्हर सीटवर, बाबा शेजारी, दोघं पोत्यांसारखे. फ्रान्सिस खालच्या खड्ड्यातून, "बाबा, हलू नका हां, माझे आकडे हलतात." बाबा ताठ बसून राहिले, मांडीवर हात. आमचं वजन धरून चाकं सरळ झाली.
मी म्हटलं, "बाबा, मी खोटं बोललो."
"हलू नकोस," ते म्हणाले.
परत येताना स्टेअरिंग सोडलं तरी गाडी सरळ. उद्या आठला आगाशी. संध्याकाळी बाबा म्हणाले, "जा, बसून ये तुझा अर्धा तास." गेलो. पाच मिनिटांत जीव कंटाळला, वर आलो.
बाबा पिशवी भरत होते. सगळे शर्ट. औषधांचा डबा. चमचा नि पेला. सगळ्यात वर स्वेटर.
मे महिना आहे. त्यांना परत कधी आणायचं, विचारलं नाही मी.