शटरपाशी अकरा मिनिटं

ता. ४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या दीर्घ कवितेची छापखान्यातून आलेली मुद्रितं परवा मिळाली. आकडे तपास, भावना तपासू नकोस, असं तुम्ही वर पेन्सिलीने लिहिलंय. तेव्हा भावनांना हात लावलेला नाही. आई म्हणते, कवीने अशा भाचीला मुद्रितं देणं म्हणजे स्वतःहून पोलिसांत हजर होणं. तिची तब्येत ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, ती त्याहून जास्त.

दुरुस्त्या तीन. पान सहावर सैन्याच्या गाड्या सात आहेत. त्या चार होत्या. पान नऊवर मृत पंधरा आहेत, चौदा होते. पंधरावा महिन्याभराने इस्पितळातून घरी गेला, त्याला कवितेत पुन्हा मारू नका.

तिसरी पान अकरावर आहे. ‘आधी त्यांनी दार लावलं, मग नेम धरला.’ ही ओळ आता भिंतीभिंतींवर आहे, ठाऊक आहे. पण दार मी लावलं होतं.

चौकाखालच्या भुयारी मार्गाची वीज माझ्या देखरेखीखाली असते. गेल्या वर्षी चौकात निदर्शन झालं त्या दिवशी भुयारातल्या पंपाची दुरुस्ती होती. अंधारात कोणी आत अडकू नये म्हणून आधी विजेवर चालणारं शटर खाली घ्यायचं, मग वीज तोडायची आणि स्विचवर आपल्या नावाचं लाल कार्ड लटकवायचं, अशी आमची पद्धत. ज्याचं कार्ड त्यानेच काढायचं. भलत्याने काढलं तर तारेवर काम करणारा जागच्या जागी जाईल. काम दोन चाळीसला संपलं. कार्ड काढून वीज जोडायला एक मिनिट लागलं असतं. पण बाहेरून टाळ्या ऐकू आल्या. मंचावर तुम्ही उभे राहिला होतात. मी तशीच आमच्या कचेरीच्या गच्चीवर धावले. फोन हत्यारांच्या पिशवीत राहिला.

तीन वाजून चार मिनिटांनी गोळीबार सुरू झाला आणि माणसं भुयाराकडे पळाली. खाली आमचा ऑपरेटर मला फोन करत राहिला. कार्डाला त्याने हात लावला नाही, कारण पूर्वी एकदा दुसऱ्याचं कार्ड काढलं म्हणून मीच त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे पालथी पडून होते. खाली पोचून वीज जोडून शटर उचललं तेव्हा तीन पंधरा झाले होते. तोवर शटरपाशी चौघांचा जीव गेला होता.

चौकशी समितीला मी ‘दुरुस्तीसाठी बंद’ एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं.

लोभ आहेच. या पत्रानंतर किती उरतो, ते कळवावं.

तुमची भाची


ता. ९ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मामी विचारत होती, एवढं काय लिहिलंय. गाड्या चारच होत्या म्हणते, असं सांगून वेळ मारून नेली.

आधी ओरडून घेतो. गोळ्या तुझ्या कार्डातून सुटल्या नाहीत, वेडाबाई. ज्यांनी झाडल्या ते वर्षभर कोणाच्या तरी माथी हे मारायला टपलेत. एका पोरीच्या निष्काळजीपणाने माणसं गेली म्हणतील आणि हात झटकून मोकळे होतील. तेव्हा ओळ राहू दे आणि तू गप्प राहा.

इथवर काल लिहून पेन खाली ठेवलं होतं. आज पुढचं लिहितो.

तू गच्चीवर गेलीस ती माझी कविता ऐकायला. ती बारा मिनिटांची होती. संपली तेव्हा एका कार्यकर्तीने माझ्या हातात चिठ्ठी दिली, की सैन्याच्या गाड्या चौकाकडे वळल्यात, लोकांना घरी जायला सांगा. पण समोरून लोक ‘पुन्हा, पुन्हा’ ओरडत होते. अगं, चाळीस वर्षं कविता लिहितोय, मला कोणी कधी पुन्हा म्हटलं नव्हतं. मी चिठ्ठी खिशात घातली आणि सगळी कविता पहिल्यापासून वाचली.

नंतर घरी येऊन ‘त्यांनी’ असं लिहिलं. ‘त्यांनी’ म्हटलं की आपण अलगद बाजूला होतो.

पुस्तक वीस तारखेला छपाईला जातं, तीस तारखेला वर्षदिनाचं वाचन. ओळ बदलायची माझ्यात हिंमत नाही. तुझ्यात आहे, त्याचीच धास्ती वाटते. उलट टपाली लिही.

रागावलो तरी तुझाच आहे, हे धरून चाल.

मामा


ता. १५ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चिठ्ठीबद्दल मी काही बोलणार नाही. मला तो अधिकार नाही. बारा मिनिटं दोनदा, म्हणजे तीन चार. हिशेब मात्र बरोबर जुळतो.

बुधवारी समितीला लेखी जबाब दिला. गोळ्या सैनिकांनी झाडल्या, हे पहिलंच वाक्य आहे. बाकीचं वेळांसकट त्याखाली. कागद घेणाऱ्या कारकुनाने विचारलं, बाई, हे तुमच्याकडे कोणी मागितलं होतं का. नाही म्हटलं.

मग शटरपाशी जीव गेलेल्या चौघांपैकी सुताराच्या बायकोकडे गेले. ती घरी शाळेचे गणवेश शिवते. बसा म्हणाली आणि मशीन चालूच ठेवलं. मी सगळं क्रमाने सांगितलं. शटर किती वेळ बंद होतं, एवढंच तिने विचारलं. गोळीबार सुरू झाल्यापासून अकरा मिनिटं, असं मी सांगितलं. तेव्हा मशीन थांबलं. तिला शेजारपाजारच्यांनी सांगितलं होतं की तो पहिल्याच गोळीत गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. वर्षभर ती तेवढ्यावर जगत होती. मी ते काढून घेतलं, मामा. खरं बोलून मन हलकं होईल, असं वाटून गेले होते. ते झालं नाही, आणि तिचं होतं तेही गेलं.

मग ती म्हणाली की अडकलेलं दार दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे, लोकांच्या घरी पाहुणा गेला तरी बिजागऱ्या बघायचा. खिशात पटाशी असायचीच. अकरा मिनिटं मिळाली तर तो नुसता उभा राहणार नाही. शटरवर काही खुणा होत्या का, असं तिने विचारलं.

होत्या. खालच्या पट्टीजवळ, उजवीकडे. पत्रा उचकटायचा प्रयत्न केलेला दिसत होता. अहवालात मी ‘किरकोळ नुकसान’ लिहिलं आणि दुसऱ्या आठवड्यात वर रंग मारून घेतला.

उद्या सकाळी ती माझ्याबरोबर येणार आहे. रंग खरवडायला मी रंगाऱ्याची पातळ पट्टी घेतली आहे. तुमच्या वाचनालाही ती येते म्हणाली, पहिल्या रांगेत बसेन म्हणाली. ओळीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. तिच्यासमोर वाचता येईल एवढंच बघा. छापखान्याला चार दिवस थांबायला सांगा.

मी निघताना तिने आणखी एक विचारलं. खुणा किती होत्या? मी सगळं मोजते, हे तुम्हाला माहीत आहे. त्या मी मोजल्या नव्हत्या.

आशीर्वाद असू द्यावा.

तुमची भाची